धाकट्या मास्तरांचा नकार

धाकटे मास्तर थोरल्या मास्तरांपेक्षा वयाने दीड वर्षाने मोठे होते, तरी जन्मभर धाकटेच राहिले. नात्याने दोघं एकमेकांचे कोणी नव्हते. शिवणकामाचं दुकान थोरल्यांचं, धाकटे तिथले कारागीर; पाटी थोरल्यांची, टेपही थोरल्यांच्याच गळ्यात. गिऱ्हाईक आत आलं की थोरल्यांपुढे कापड उलगडायचं आणि धाकट्यांना विचारायचं, "जरा पाणी मिळेल का?" धाकट्यांना त्याचं काही वाटत नसे, असं ते सांगत. किती वेळा सांगत, त्यावरून काय ते ओळखावं.

थोरले तापाचं निमित्त होऊन गेले. काही आठवड्यांनी वकिलांचा निरोप आला, की मृत्युपत्र वाचायचं आहे, त्यात तुमचं नाव आहे. धाकट्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला. खिडकीजवळचं मशीन आपल्याला ठेवलं असेल अशी त्यांची अटकळ होती. त्या मशीनवर त्यांची उभी हयात गेली होती. मशीनच्या आशेने ते गेले आणि वकिलांच्या टेबलापाशी बेबी त्यांच्या पदरात पडली.

बेबी म्हणजे थोरल्यांची एकुलती एक मुलगी. चाळिशी उलटली तरी बेबीच. तिची समजूत लहानपणीच एका जागी येऊन थांबली होती. बटणं ती रंगावरून, भोकांवरून, जाडीवरून अशी भराभर निवडायची की बघत राहावं. चहा करायची, केर काढायची, रेडिओवरची गाणी तोंडपाठ म्हणायची. पण विजेचं बिल, सुट्टे पैसे, दारावर आलेला गोडबोल्या माणूस, यातलं तिला काही कळायचं नाही. आई कधीच गेलेली. थोरल्यांनी दुकान आणि वरच्या दोन खोल्या मिळून एक ट्रस्ट केला होता. दुकान भाड्याने द्यावं, त्यातून बेबीचं चालावं, आणि शक्य असेल तोवर बेबीने त्याच खोल्यांत राहावं. या सगळ्यावर लक्ष ठेवायला विश्वस्त एकच, धाकटे.

"आणि मी नाही म्हटलं तर?" धाकट्यांनी विचारलं. जरा घाईनेच विचारलं.

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. "तर दुसरं नाव एका संस्थेचं आहे. माणसं चांगली आहेत. पण घरोघरी जाऊन बघायला त्यांच्याकडे कोणी नाही. एकटी असणाऱ्यांना ते आपल्या वसतिगृहात नेतात. दुसऱ्या गावी."

"म्हणजे बेबीला घर सोडावं लागेल."

"बहुधा."

धाकट्यांच्या डोळ्यांपुढे लेकीच्या घरातली गॅलरीची खोली आली. लेकीने ती रंगवून ठेवली होती. दुकान बंद झालं की नवरा-बायको दोघांनी कायमचं तिकडे जायचं, हे ठरून वर्ष झालं होतं. नातीला शाळेत सोडायचं, दुपारी गॅलरीत पाय पसरायचे, आणि यापुढे कोणाचं धाकटं म्हणून राहायचं नाही.

"त्याचं काय आहे वकीलसाहेब," ते म्हणाले, "आमच्या मंडळींचे गुडघे पार गेलेत. ऑपरेशन सांगितलंय. लेकीकडे राहिल्याशिवाय इलाज नाही. आणि खरं सांगू का, मला कोणी विचारलंच नव्हतं."

"मास्तर म्हणाले होते, विचारलंय म्हणून."

"मापं घेताना बोलले असतील काहीतरी. आमची पद्धत होती. ते आकडा बोलणार, मी लिहिता लिहिता परत म्हणणार. दिवसभर तेच. तोंड आपलं चालतंच राहतं. गेलं असेल सवयीने तोंडातून, मला कुठलं ऐकू यायला!"

वकील थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. नकाराला कारण लागत नाही. फक्त एक सांभाळा. कागद तयार व्हायला आठवडा लागेल. तोवर त्या घराच्या कारभारात हात घालू नका. किल्ली घेऊ नका, भाडेकरूशी बोलू नका, एक खिळासुद्धा ठोकू नका. विश्वस्त म्हणून एकदा का काम केलंत, की स्वीकारलं असं धरलं जातं. मग सोडवून घ्यायला कोर्टात जावं लागेल."

"नाही घालत हात," धाकटे म्हणाले. जिन्यावरून पळत सुटावं असं त्यांना वाटत होतं.

वकील त्यांना निरोप द्यायला उठले आणि तिथेच घात झाला. धाकट्यांच्या लक्षात चेहरे राहत नसत, खांदे राहत. वकिलांचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता. तो झाकायला कोटात डावीकडे कापसाची एक घडी जास्त घातलेली होती. ती घडी धाकट्यांनी स्वतः घातली होती.

थोरल्यांनी बेबीचं विचारलं त्या दुपारी मापाच्या पाटावर हात पसरून उभं असलेलं गिऱ्हाईक हेच होतं.

दुकानात एक नियम होता. पूर्वी एकदा एका बाहीवरून दोघांचं जोरदार भांडण झालं होतं. एक म्हणे मी बावीस सांगितली, दुसरा म्हणे तेवीस. तेव्हापासून ठरलं, की नुसतं "हो" चालायचं नाही. ऐकणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा. परत म्हटला की तो पक्का, मग चूक निघाली तर परत म्हणणाऱ्याची. हा नियम पुढे जिना चढून वर घरातही गेला. "बेबी, दूध तापव." "दूध तापवते." तसं म्हटल्याशिवाय थोरले हलायचे नाहीत, आणि तसं म्हटल्यावर बेबी कधी विसरायची नाही.

त्या दुपारी थोरले म्हणाले, "पाठ साडेसतरा."

"पाठ साडेसतरा."

"बाही चोवीस."

"बाही चोवीस."

आणि त्याच सुरात, टेप गिऱ्हाइकाच्या मनगटाशी धरून, "माझ्यामागे बेबीचं तू बघायचं."

"माझ्यामागे बेबीचं तू बघायचं," धाकट्यांनी ओघात म्हणून टाकलं.

थोरले हसले, गिऱ्हाईक हसलं, कोपऱ्यात बटणं निवडणारी बेबीही टाळ्या वाजवून हसली. "तुझ्यामागे नाही रे, माझ्यामागे," थोरले म्हणाले. "नीट म्हण."

तेव्हा धाकट्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती. सावकाश, एकेक शब्द मोजून ते म्हणाले होते, "मास्तर, तुमच्यामागे बेबीचं मी बघीन." थोरल्यांनी मान हलवली, टेप पुन्हा गळ्यात टाकला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "हात खाली घ्या साहेब. झालं."

म्हणजे सवयीने गेलेला शब्द पहिला होता. दुसरा पुरता शुद्धीवर असताना दिलेला होता, आणि तो ऐकणाऱ्या माणसाच्याच तोंडावर धाकटे आत्ता खोटं बोलून बसले होते. वकिलांनी हूं की चूं केलं नाही. त्यांनी फटकारलं असतं तर बरं झालं असतं. जिना उतरताना धाकट्यांचे कान तापले होते. अजून मागे फिरता येईल, असं त्यांच्या मनात आलं. पण ते फिरले नाहीत, कोपऱ्यावर जाऊन त्यांनी रस्ता ओलांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने दुकानापाशी गेलेच. पाय काही वकिलांचं ऐकत नाहीत. जिन्याखालच्या दारात बेबी उभी होती.

"काका, कडी बसत नाही."

थोरले गेल्यापासून दारातून इतक्या माणसांची ये-जा झाली होती, की कडीचे स्क्रू ढिले होऊन लोंबत होते. धाकट्यांनी वाकून पाहिलं. एक मोठा स्क्रू आणि लाकडाची एक बारीक काडी भोकात घातली की काम फत्ते. त्यांच्या खिशात मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर कायम असायचा, आत्ताही होता. हात खिशाकडे गेलाही. आणि मग एक खिळासुद्धा ठोकू नका, हे आठवलं.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"बघू," ते म्हणाले.

"तुम्हीच बसवता ना?"

"सध्या नाही बसवता येत."

"स्क्रू-ड्रायव्हर हरवला?"

"हो," धाकटे म्हणाले. "हरवला."

खिशात त्याची मूठ मांडीला टोचत होती. बेबीने सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाली की आपल्याकडे बटणांच्या डब्यात शोधू, हरवलेलं सगळं तिथेच सापडतं. एवढं बोलून ती शोधायला वर गेलीसुद्धा. ती खाली यायच्या आत धाकटे गल्लीच्या टोकाला पोचले होते. या वयात आपण बेबीला चुकवून पळतो आहोत, याचं त्यांना हसूही येईना.

शेजारच्या इस्त्रीवाल्याला सांगता आलं असतं. पण तो म्हणाला असता, तुम्ही असताना मी कशाला? त्याला काय सांगणार? मग धाकट्यांनी कोणालाच सांगितलं नाही. आठवडाभर ते गल्लीच्या तोंडाशी जायचे, लांबून दार बघायचे आणि परत फिरायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाराच्या फटीत पिवळं काहीतरी दिसलं म्हणून ते जवळ गेले. कडीच्या जागी थोरल्यांचा टेप होता. बेबीने तो आतून खिळ्याला गुंडाळून, फटीतून बाहेर काढून पुन्हा आत घेऊन, बोट जाईल एवढ्या फटीतच फुलासारखी गाठ मारून दार बांधलं होतं. आतून रेडिओ ऐकू येत होता आणि त्यावर बेबीचा आवाज.

त्या गाठीकडे बघताना धाकट्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणीही पोराने ओढली असती तरी ती सुटली असती.

घरी आले तर बायको दारातच उभी. सरळ, ताठ, कशाचा आधार न घेता.

"वकिलांचा फोन होता," ती म्हणाली. "उद्या सह्यांना बोलावलंय. आणि माझ्या ऑपरेशनची चौकशी करत होते. म्हणाले, काळजी घ्या."

धाकटे चपला काढण्यात फार वेळ घालवू लागले.

"कुठलं ऑपरेशन हो?"

"अगं, काहीतरी कारण सांगायला पाहिजे होतं."

"मग स्वतःचं सांगायचं. माझे गुडघे कशाला पुढे केलेत?" ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर धाकट्यांना चिडायला तरी जागा मिळाली असती. "मला वाटलं, तुम्ही घरी येऊन विचाराल. मी तर मनाशी ठरवूनही टाकलं होतं. लेकीकडे सुट्टीत जाता येतंच की. बेबीला दुपारी इकडे आणून बसवायचं, दोघींचं बरं चाललं असतं. पोर हातात बटणांचा डबा दिला की कोणाला त्रास देत नाही."

"तू राहिली असतीस?"

"विचारलं कोणी?"

आता तर कारणच उरलं नव्हतं. धाकटे खुर्चीत बसले. गुडघे नव्हते, मंडळी नव्हती, न विचारल्याचा राग नव्हता. एकेक बाजूला केल्यावर खाली एवढंच शिल्लक राहिलं, की त्यांना नको होतं. बेबीचा चहा नको, तिची बिलं नकोत, रोज सकाळी थोरल्यांच्याच जिन्याखाली जाऊन उभं राहणं नको. त्यांना गॅलरी हवी होती. हे इतकं साधं आणि इतकं हलकट होतं, की बायकोसमोर तोंडातून निघेना.

तिला ते न बोलताच कळलं असावं. ती पाण्याचा पेला घेऊन आली. "नाही म्हणायचं असेल तर म्हणा," ती म्हणाली. "जबरदस्तीने कोणाचं बघायचं नसतं, त्याने तिचेच हाल व्हायचे. पण स्वतःच्या नावावर म्हणा."

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीत संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. सुती साडी, मोठी पर्स, बोलणं मायेचं. बेबी त्यांच्या शेजारी नवा फ्रॉक घालून बसली होती; तो फ्रॉकही धाकट्यांनीच शिवलेला. धाकट्यांना बघून तिचा चेहरा खुलला.

"काका, स्क्रू-ड्रायव्हर नाही सापडला. सगळे डबे बघितले."

मॅडम कौतुकाने हसल्या. धाकट्यांनी खिसा हाताने झाकून घेतला.

वकिलांनी कागद पुढे सरकवला आणि बेबीला समजेल असं सांगितलं, की बाबांनी काकांना तुझं बघायला सांगितलं होतं, पण काकांना ते जमणार नाही, म्हणून आता या मॅडम बघतील.

बेबीने कपाळाला आठ्या घातल्या. "पण काका, तुम्ही परत म्हणाला होतात," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. एखादं माप लिहायचं राहून गेलं, तर ती जशी आठवण करून द्यायची, तशीच ती म्हणाली.

वकील खिडकीबाहेर बघायला लागले. धाकट्यांना वाटलं, आता म्हणावं, विसरलो होतो. आता म्हणावं, ऐकलं नव्हतं. दोन्ही खोटी वाक्यं जिभेवर तयारच होती.

"हो बेबी," ते म्हणाले. "परत म्हणालो होतो."

"मग?"

"मग मी ते करत नाहीये."

बेबीला हे कुठल्याच खणात बसवता येईना. चार भोकांच्या डब्यात पाच भोकांचं बटण निघावं तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. धाकट्यांनी पेन उचललं आणि वकिलांना म्हणाले, "साहेब, आमच्या मंडळींचे गुडघे ठणठणीत आहेत. तिचा यात काही संबंध नाही. मलाच नको आहे, असं लिहा."

"ते लिहायला जागा नसते," वकील हळूच म्हणाले. "इथे फक्त सही करायची."

धाकट्यांनी सही केली. खरं बोललो म्हणून कोणी पाठ थोपटेल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण त्या खऱ्याला कागदावर जागाही मिळू नये, हे त्यांना फार लागलं. निघताना वकील म्हणाले, "आता तुम्ही मोकळे. मित्र म्हणून जायला-यायला काही हरकत नाही."

आता खिळा ठोकायला हरकत नाही, एवढंच धाकट्यांना ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून चांगले लांब स्क्रू घेतले, लाकडाची काडी तासून घेतली, आणि ते गल्लीत शिरले. निदान कडी तरी आपल्या हातची असू दे. थोडे दिवस का होईना, तिने नीट दार लावून झोपावं. आपण कशाकशाच्या बदल्यात ही कडी बसवायला निघालो आहोत, याचा विचार त्यांनी केला नाही. केला असता तर पाय उचलले नसते.

दार बंद होतं. फटीत टेप नव्हता. दाराला नवं कोरं कुलूप बसलं होतं, आणि डोळ्याच्या उंचीवर बघायचं एक गोल भोक. संस्थेने कालच माणूस पाठवला होता.

आजवर धाकट्यांनी या दारावर थाप मारली नव्हती. ढकलायचं आणि जिना चढायचा. त्यांनी थाप मारली.

"कोण?"

"मी."

"काका!" बेबीचा आवाज आनंदला. भोकामागे अंधार झाला, तिने डोळा लावला असावा. "मला दिसताय तुम्ही. नाक मोठं दिसतंय."

"उघड की मग."

"मॅडमना विचारलं पाहिजे," बेबी म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, आम्हाला विचारल्याशिवाय कोणालाही दार उघडायचं नाही. मी म्हटलं, कोणालाही दार उघडायचं नाही." आणि मग, त्यांना नीट कळावं म्हणून, "काका, मी परत म्हणून दाखवलंय."

धाकट्यांनी कपाळ दाराला टेकवलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नको उघडूस."

"सोमवारी मी गाडीतून जाणार. दोन डबे घेऊन जायचेत. मी पांढरी आणि सोनेरी घेतली."

"छान."

"काळी तुम्हाला ठेवू?"

दाराच्या अलीकडे एक म्हातारा खिशात स्क्रू घेऊन उभा आहे आणि रडतो आहे, हे इस्त्रीवाला बघत होता. धाकट्यांनी त्याची पर्वा केली नाही.

"काका, आता कुलूप आलं. टेप लागत नाही. तुमच्याकडे ठेवा." दाराखालच्या फटीतून पितळी पट्टीचं टोक बाहेर आलं, मग पिवळी पट्टी, बेबीने मारलेल्या गाठींनी जागोजागी चुरगळलेली. धाकटे खाली बसले. लांब कापड मोजताना दुकानात एक जण टोक धरायचा आणि दुसरा विचारायचा, आणि उत्तर आल्याशिवाय आपलं टोक सोडायचा नाही.

"धरलं?" बेबीने आतून विचारलं.

धाकट्यांनी पट्टी मुठीत घेतली होती. पलीकडून टेप ताणलेलाच होता. बेबी वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

"धरलं," धाकटे म्हणाले.

मग तिने सोडलं.